होल्याचा शेवटचा सूर

प्रासोजोला कुठलंही काम विचारा, उत्तर ठरलेलं: ‘बेरेस!’ म्हणजे झालं, आटपलं, काळजी नको. काम खरोखर झालेलं असे तेव्हाही बेरेस, अर्धंमुर्धं असे तेव्हाही बेरेस, आणि अजून हातच लावलेला नसे तेव्हा तर जरा जोरातच बेरेस. मुलगा वाईट नव्हता. हुशार होता, बोटं भराभर चालत, आणि त्याने लिहिलेला प्रोग्रॅम बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात चालायचा. तीच त्याची पंचाईत होती.

जावा बेटावरच्या सोलो शहरात, लावेयानच्या बोळात, एका बाटिकवाल्याच्या मागच्या घरात त्यांची कंपनी होती. कंपनी म्हणजे चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि बू मुर्तियासिह, म्हणजे मुर्तियासिहबाई. बू मुर्तींचं सगळं तरुणपण साखर कारखान्यांतल्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेलं होतं, त्यामुळे कुठलंही यंत्र काही बोललं की त्या आधी भुवई उंचावत. ‘आणि नाही झालं तर?’ हा त्यांचा प्रश्न. प्रासोजो ‘बेरेस’ म्हणे, त्या ‘नाही झालं तर?’ म्हणत, आणि बाकीचे दोघे चहा ओतून घेऊन मजा बघत बसत.

त्या वर्षी कंपनीला होलेवाल्यांच्या, म्हणजे स्पर्धेसाठी होले पाळणाऱ्यांच्या, संघटनेचं काम मिळालं. रविवारी सकाळी मैदानात उंच खांब उभे राहतात, प्रत्येक खांबाच्या टोकाला पिंजरा चढतो, आणि खालून परीक्षक माना वर करून, कान टवकारून फिरतात. होल्याचं घुमणं तीन तुकड्यांत तोलायचं: उठाव, मधला ठेका आणि शेवट. शेवटचा ‘कोंऽऽग’ जितका लांब आणि गोल, तितका मालक ताठ. आणि मैदानात इतके ताठ मालक एकत्र आले की भांडणांना काय तोटा! म्हणून संघटनेने ठरवलं, प्रत्येक खांबाच्या टोकाला एक माइक लावायचा आणि पायथ्याशी एक डबा ठेवायचा. डब्यात कार्ड. होला घुमला की कार्डावर उतरला. कुणी तक्रार केली की सरळ वाजवून दाखवायचं.

माइकमधून आलेला आवाज उचलून कार्डावर नेऊन ठेवायचा, एवढाच भाग प्रासोजोकडे होता. सगळ्यात तळाचं काम. ते नीट चाललं तर कुणी त्याचं नाव घेत नाही.

बू मुर्तींनी त्याचा कोड वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“जो, तू कार्डाला म्हणतोस, हे एवढं लिही. ते तुला उलट सांगतं, एवढं लिहिलं. ते उत्तर तू कुठे वाचतोयस?”

“त्यात वाचायचं काय, बू? लिही म्हटलं की लिहितं.”

“आणि कमी लिहिलं तर?”

“कमी कशाला लिहील? त्याला काय पगार कमी मिळतो?”

“जागा नसेल. मध्येच कुणी हाक मारली असेल. तू दहा पाट्या माती दिलीस आणि त्याने सातच टाकल्या, तर उरलेल्या तीन कुठे जातील?”

“मी शंभरदा चालवून पाहिलंय. एकदाही कमी नाही.”

“बरं,” बू मुर्ती म्हणाल्या आणि चष्मा खाली घेतला. त्यांचं ‘बरं’ ऐकून शहाण्या माणसाने पुन्हा कोड उघडला असता. प्रासोजो जेवायला गेला.

त्याच्या डोक्यात तेव्हा दुसरंच काही चाललं होतं. वनिंग नावाच्या मुलीशी त्याचं जमलं होतं; जावानी रीतीने ती त्याला लाडाने ‘मास’ म्हणे. ती एका औषधांच्या दुकानात काम करायची, आणि औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत तसं प्रासोजोला वाचायची. तिचे वडील पाक दारमाजी, म्हणजे दारमाजीराव, निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्याकडे मागणी घालायला जायचं ठरलं होतं, आणि त्या दिवशी मुलाने स्वतः चार वाक्यं उंची, दरबारी जावानीजमध्ये बोलावीत अशी त्यांची इच्छा होती. प्रासोजोची जावानीज चहाच्या टपरीपुरती. म्हणून डबा तपासायच्या निमित्ताने तो माइकसमोर बसे आणि ती चार वाक्यं पुन:पुन्हा घोकी. आवाज कार्डावर जाई, डब्यावरचा हिरवा दिवा लागे. माइकची चाचणीही झाली आणि भाषणाचा सरावही. बेरेस.

पाक दारमाजींकडे एक होला होता, ‘गोंग राया’. त्याला ते ‘अहो’ म्हणत. वनिंगला म्हणत नसत. रोज सकाळी त्याला ओंजळीतून पाणी घालत, काळे तांदूळ निवडून देत, आणि तो घुमला की हातातला पेपर खाली ठेवून, गाडी वेळेवर फलाटाला लागल्याच्या समाधानाने मान हलवत.

क्लातेनच्या मैदानातल्या पहिल्या स्पर्धेला गोंग राया शेवटच्या फेरीत पोचला आणि परीक्षकांनी त्याला दुसरा ठरवला. पाक दारमाजींनी टोपी नीट केली आणि तक्रार नोंदवली. शेवटचा कोंग जो काय लागला होता, तो ऐकूनही कुणी दुसरा नंबर देत असेल तर त्याने कानाच्या डॉक्टरकडे जावं, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांनी अर्थातच फार सभ्य शब्दांत मांडलं.

“डबा आहे की,” अध्यक्ष म्हणाले. “वाजवा.”

प्रासोजोने मोठ्या ऐटीत कार्ड काढून दिलं. भावी सासऱ्यांची बाजू सिद्ध करायची संधी अशी चालून आली होती. अध्यक्षांच्या पोराने कार्ड लॅपटॉपला लावलं आणि पहिली दिसली ती फाइल कर्ण्यावर सोडली.

“आदरणीय पाक दारमाजी,” कर्णा गरजला, “आज आपल्या दारी मी... मी पधारलो आहे...”

मैदानात क्षणभर पिंजऱ्यातले होलेसुद्धा गप्प झाले. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

“आपल्या कन्येविषयी माझ्या मनात... छे, पुन्हा. आदरणीय पाक दारमाजी, आज आपल्या दारी...”

प्रासोजो लॅपटॉपकडे धावला, पण वाटेत तीन खांब आणि माना वर करून उभी असलेली निम्मी संघटना होती. तो पोचेपर्यंत तो दोनदा पधारला होता. वनिंगने तोंडावर ओढणी दाबून धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. पाक दारमाजी मात्र समोर बघत उभे होते, स्टेशनवर अनोळखी गाडी शिरताना बघावं तसे.

“स्वतःबद्दल ‘पधारलो’ म्हणत नाहीत,” ते शेवटी म्हणाले. “‘आलो’ म्हणतात. पुढची फाइल लावा.”

पुढची फाइल गोंग रायाची होती. उठाव छान आला. मधला ठेका तर असा, की समोरच्या गटातल्या एकाने नकळत मान डोलावली. मग शेवट सुरू झाला: “कों—”

आणि संपलं. नुसती शांतता. कर्णा गप्प.

“पुढे?” पाक दारमाजींनी विचारलं.

“एवढंच आहे,” पोरगा म्हणाला.

सराव-सरावात कार्ड भरत आलं होतं. शेवटच्या फेरीत जागा संपली. कार्डाने जेवढं मावलं तेवढं लिहिलं आणि इमानेइतबारे सांगितलं, एवढंच लिहिलं. पुढच्या प्रत्येक वेळी सांगितलं, आता जमत नाही. प्रासोजोचा प्रोग्रॅम ते ऐकायला थांबलाच नाही. त्याने हिरवा दिवा लावून ठेवला होता.

तक्रार फेटाळली गेली. पाक दारमाजी पिंजऱ्यावर कापड घालताना म्हणाले, “चला हो. तुमचा सूर आपल्या घरीच ऐकू.” ते होल्याशी बोलत होते. 

सोमवारी तो ऑफिसात शिरला तेव्हा दुसऱ्या टेबलावरून आवाज आला, “पधारलात?” बातमी क्लातेनच्या मैदानातून लावेयानपर्यंत त्याच्या आधी पोचली होती.  बू मुर्तींनी मात्र तळलेल्या तेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची, पुडी नुसती त्याच्याकडे सरकवली. चिडवणं परवडलं असतं, असं प्रासोजोला वाटून गेलं.

त्याने दुपारपर्यंत कोड बदलला. कार्डाने कमी लिहिलं, तर उरलेलं पुन्हा द्यायचं. पुन्हा कमी लिहिलं, तर पुन्हा. सगळं लिहून होईपर्यंत सोडायचंच नाही.

“आता सुटका नाही त्याची,” तो म्हणाला. “बेरेस, बू!”

बू मुर्तींनी एका ओळीवर बोट ठेवलं. “इथे उत्तरातला आकडा तू उरलेल्यातून वजा करतोस.”

“हो. दहातले सात लिहिले की उरले तीन.”

“आणि उत्तर ‘सात’ नसून ‘नाही’ आलं तर?”

“कार्ड मी रिकामं केलंय. नाही कशाला म्हणेल?”

“बरं,” बू मुर्ती म्हणाल्या.

या वेळी ते ‘बरं’ त्याला थोडं टोचलं. पण वनिंगचा निरोप आला होता, की बापाक, म्हणजे बाबा, म्हणताहेत, तुझा डबा घेऊन ये, घरीच बघू. मग कोण थांबतंय!

पाक दारमाजींच्या अंगणात त्याने मांडामांड केली. गोंग राया आंब्याखालच्या खांबावर चढला. आणि तेवढ्यात पाक दारमाजींनी सदऱ्याच्या खिशातून एक कार्ड काढून पुढे केलं.

“हे लाव. माझं आहे.”

त्यांच्या डोळ्यात काय होतं ते वनिंगला कळलं. प्रासोजोला नाही कळलं. त्याने कार्ड लावलं. गोंग राया प्रसन्न होता. तो घुमला, पुन्हा घुमला, मग दाणे टिपायला लागला. डब्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. लुकलुकणं म्हणजे लिहिणं चालू आहे.

“झालं का?” पाक दारमाजींनी विचारलं.

“होतंच आलंय, पाक.”

वनिंगने सरबत आणलं. पिऊन झालं. दिवा लुकलुकतोच आहे. शेजारचे एकजण नारळ मागायला आले, बसले, नातवाच्या शाळेबद्दल सविस्तर बोलून गेले. दिवा लुकलुकतोच.

“फार मन लावून लिहितोय,” पाक दारमाजी म्हणाले. “एवढं तर तो घुमलाही नाही.”

वनिंगने डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “अगं बाई! मास, याला ताप आलाय. गोळी देऊ का?”

प्रासोजोने डबा बंद केला, कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं. कार्ड आधीच काठोकाठ भरलेलं होतं. गोंग राया पाणी पिताना, गोंग राया पंख साफ करताना, गोंग राया नुसता बसलेला, अशा असंख्य चित्रफिती.

“मला स्टेशनातलं एवढंच कळतं,” पाक दारमाजी म्हणाले, “की फलाट रिकामा असताना कुठलीही गाडी वेळेवर येते.”

प्रासोजो कानकोंडा होऊन ऑफिसात परतला. बू मुर्तींसमोर खुर्ची ओढून बसला आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, “नाही झालं, बू.”

“काय सांगितलं कार्डाने?”

“नाही म्हणालं.”

“आणि ‘नाही’ या उत्तराचा आकडा किती?”

“उणे एक.”  त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “मी उरलेल्यातून उणे एक वजा केला.”

“म्हणजे?”

“म्हणजे एक वाढला. दरवेळी ते नाही म्हणालं आणि दरवेळी मी काम एकाने वाढवलं.”

बू मुर्तींनी बराच दम धरला होता, पण आता मात्र त्या हसल्या, आणि अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “बिचारं कार्ड! ‘जमत नाही हो साहेब.’ ‘बरं, मग आणखी थोडं घे.’ सासरी जाणारी सून असती तर पळून गेली असती!”

प्रासोजोलाही हसू आलं. हसल्यावर त्याला जरा हलकं वाटलं, आणि मग दोघं कामाला बसली.

पुढचे कित्येक दिवस बू मुर्तींनी त्याला कोड लिहू दिला नाही, नुसती मोडतोड करायला लावली. त्यांनी मिळेल तिथून कार्डं गोळा केली: जवळजवळ भरलेली, एवढीशी जागा असलेली, लिहायला कुलूप लावलेली, आणि एक तर धुण्याच्या मशीनमधून निघालेलं. प्रासोजोने लिहिणं चालू असताना कार्ड उपटून काढलं. मध्येच वीज तोडली. लिहिता लिहिता प्रोग्रॅमला मुद्दाम हाक मारून त्याची तंद्री मोडली. प्रत्येक वेळी काय उत्तर येतं ते त्याने आधी स्वतः सांगायचं आणि मग पाहायचं, असा बू मुर्तींचा नियम. सुरुवातीला त्याचं सांगणं आणि घडणं यांची भेटच होत नव्हती.

त्याला कळत गेलं, की ‘नाही’ सुद्धा सगळे सारखे नसतात. मध्येच हाक आली म्हणून थांबलेल्याला पुन्हा सांगितलं की ते मुकाट्याने लिहितं. जागाच संपली असेल, तर हजारदा सांगून उपयोग नाही. तिथे थांबायचं, लिहिलेलं जपायचं, आणि लाल दिवा लावायचा. सगळ्यात मोठा धक्का बसला तो वीज तोडल्यावर. कार्डाने ‘सगळं लिहिलं’ म्हणून सांगितलं होतं, आणि वीज परत आली तेव्हा फाइल रिकामी.

“खोटं बोललं!” प्रासोजो ओरडला.

“खोटं नाही. तुझ्यासारखं बोललं,” बू मुर्ती म्हणाल्या. “हातात घेतलं होतं, खाली ठेवायचं होतं. ‘हातातलं सगळं खाली ठेव आणि मग सांग’ असं बजावायचं असतं. आणि फाइल मिटतानाही ते काय म्हणतं ते ऐकायचं. पुष्कळदा रडगाणं निघताना दारात सांगतात.”

तो कोड लिहून झाला तेव्हा आधीच्यापेक्षा कितीतरी लांब झाला होता, आणि त्यातला बराचसा भाग बिघडलं तर काय याचाच होता. बू मुर्तींनी तो वाचला. कुठेही बोट ठेवलं नाही.

“कसं आहे?” त्याने विचारलं.

“तू सांग.”

“माहीत असलेलं सगळं धरलंय,” तो जपून म्हणाला. “माहीत नसलेलं काहीतरी असेल.”

बू मुर्तींनी उरलेले तेंपे त्याच्या बशीत टाकले.

दुसऱ्या स्पर्धेच्या सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटच्या फेरीचे पिंजरे चढले. सगळ्यांच्या माना वर. आणि खाली बघणारा एकटा प्रासोजो. त्याला पाक दारमाजींच्या खांबाखालचा दिवा लाल झालेला दिसला. कार्ड नवं होतं, रिकामं होतं, पण कुठेतरी सडलेलं निघालं. डब्याने हातातलं खाली ठेवायला सांगितलं आणि कार्डाने नाही म्हटलं.

फेरी सुरू असताना मैदानात पाऊल टाकायची कुणाला परवानगी नव्हती. लाल दिवा बाकी कुणी पाहिलाही नव्हता. तो गप्प बसला असता तर कदाचित कुणी तक्रार केलीच नसती आणि सगळं निभावून गेलं असतं. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग त्याने पाहिलं तर त्याचे पाय दोरीच्या आत गेलेले होते.

“थांबवा!” तो मुख्य परीक्षकांपाशी पोचून म्हणाला. “या खांबावरचं लिहिलं जात नाहीये.”

“अरे, हिरवा दिवा लावून टाक ना,” कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

फेरी थांबली. कार्ड बदललं. तोवर ऊन चढलं. पाक दारमाजी कडेला उभे राहून घड्याळ बघत होते, आणि नोकरीत एवढा उशीर त्यांनी कुणालाही माफ केला नसेल.

फेरी पुन्हा सुरू झाली. गोंग राया घुमला. पण परीक्षकांनी त्याला तिसरा ठरवला.

पाक दारमाजींनी टोपी नीट केली. तक्रार नोंदवली. अध्यक्षांनी कार्ड मागवलं. या वेळी कर्ण्यातून आधी कुणी पधारलं नाही. सरळ गोंग राया आला. उठाव. ठेका. मग शेवट: “कोंऽऽऽ...” लांब, गोल, आणि अगदी टोकाला, सुटता सुटता, तो चिरकला. पिकलेल्या फणसातून सुरी काढताना व्हावा तसा एक बारीक फिसकट आवाज. मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येकाने तो ऐकला. कार्डाने काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

प्रासोजोने डोळे मिटले. एवढा जीव ओतून केलेल्या कामाबद्दल पहिल्यांदाच त्याला वाटलं, शेवट थोडा कापला गेला असता तर काय बिघडलं असतं?

पाक दारमाजींनी फाइल पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली. मग मुख्य परीक्षकांकडे गेले, हात जोडले आणि म्हणाले, “तुमचे कान बरोबर आहेत. मी मागे काही बोललो असेन तर विसरा.” परीक्षक गडबडून त्यांच्याहून जास्त वाकले. मग दोघं म्हातारे एकमेकांना पुढे जा, पुढे जा करत सोतोच्या, म्हणजे गरम रश्शाच्या, टपरीकडे गेले.

प्रासोजो वायर गुंडाळत राहिला. वनिंग जवळ येऊन म्हणाली, “मास, बापाक बोलावताहेत.”

“रागावलेत?”

“सोतोत लिंबू पिळताहेत. रागावले की लिंबू घेत नाहीत.”

टपरीवर पाक दारमाजींनी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. वाडगा आला. 

“ऊन चढल्याने घसा सुकला त्यांचा,” पाक दारमाजी म्हणाले. “तुझ्यामुळे.”

“हो, पाक.”

“गप्प बसला असतास तर घसा ओला असताना घुमून मोकळे झाले असते.”

“हो.”

“मग का नाही बसलास?”

 बू मुर्ती असत्या तर काहीतरी नेमकं बोलल्या असत्या. “लिहिलं जात नव्हतं, म्हणून सांगितलं,” तो म्हणाला. “दुसरं काही सुचलं नाही.”

पाक दारमाजींनी त्याच्या वाडग्याकडे पाहिलं. “तेंपे घे,” ते म्हणाले. “आणि आता ‘पाक, पाक’ काय म्हणतोस परक्यासारखा. नुसतं बापाक म्हण.”

मागणी घालायला तो गेला तेव्हा चौथ्या वाक्यात अडकलाच, आणि ते वाक्य वनिंगच्या आईने पूर्ण केलं. लग्न बेसार या लग्नांसाठी शुभ मानलेल्या महिन्यात झालं. बू मुर्ती हिरव्या रेशमी केबायात आल्या आणि जेवणाच्या रांगेत त्यांनी वाढप्याला विचारलं, की भात संपला तर काय ठरलंय. संघटनेने पुढच्या वर्षी दुसऱ्या मैदानांतल्या खांबांसाठीही डबे घेतले. गोंग राया त्या पावसाळ्यात पिसं गाळायला लागला आणि कितीतरी महिने एक अक्षर बोलला नाही, तरी पाक दारमाजी रोज सकाळी त्याच्याखाली पेपर घेऊन बसत. दुपारी जावई आला की त्याला म्हणत, “आज नाही घुमले हो. बघू उद्या.”